विषय: चीनला जायचंय, चिनीचा गंध नाही (आई-बाबा सोबत)

प्रेषक: सोलापूरकर, पुंगोल

नमस्कार मंडळी,

एप्रिलमध्ये आई-बाबा सोलापूरहून इकडे येतायत. त्यांना घेऊन चीनला जायचं ठरवलंय. बीजिंग, शिजियाझुआंग आणि शांघाय. मधलं नाव वाचून बुचकळ्यात पडला असाल तर सांगते, चीन-जपान युद्धात जखमींवर उपचार करायला गेलेल्या आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी तिथे आहे. सोलापुरातलं स्मारक बाबांनी बघितलंय, आता समाधीवर फूल वाहायचंच असा त्यांचा हट्ट आहे. टूरवाले त्या गावाला नेत नाहीत, म्हणून आमचं आम्हीच जाणार.

अडचण भाषेची. इतकी वर्षं सिंगापुरात काढूनही फूड कोर्टातल्या आंटीला 'तिखट कमी' हे मी इंग्रजीतच सांगते आणि तिला ते कळतं, त्यामुळे शिकायची वेळच आली नाही. तिकडे म्हणे इंग्रजीचा काही उपयोग नाही. बोलायचं कसं, आई शाकाहारी आहे तर तिने खायचं काय (दुकानातल्या केकमधलं अंडं तिला चालतं, दिसणारं नाही), आणि बाबा गर्दीत इकडेतिकडे झाले तर काय करायचं? जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

प्रेषक: नाना, बेडोक

बाबांना माझा नमस्कार सांग. चांगला बेत आहे.

पहिली गोष्ट, बोलायच्या भानगडीत पडू नकोस. दाखव. माझा कापडाचा व्यवसाय होता तेव्हा क्वांगचौच्या बाजारात मी कित्येक वर्षं जात होतो, फोनमध्ये भाषांतर वगैरे यायच्या आधीपासून. तिथे दुकानदार गल्ल्यावरचं कॅल्क्युलेटर पुढे सरकवायचा, त्यावर त्याचा भाव. मी तो पुसून माझा भाव मारायचा. तो कपाळाला हात लावायचा, पुन्हा आकडा मारायचा. अख्खा सौदा व्हायचा, तोंडातून शब्द नाही. आकडे जगभर सारखेच.

बोटांचे मात्र सारखे नाहीत, हे आधी शिकून जा. चिनी माणूस एकाच हातावर दहापर्यंत मोजतो. पाचपर्यंत आपल्यासारखंच. अंगठा आणि करंगळी ताणलेली, बाकी बोटं मिटलेली, म्हणजे सहा. पाची बोटांची टोकं एकत्र जुळवली की सात. अंगठा आणि तर्जनी ताणली की आठ. आपल्याला वाटतं दोन म्हणतोय, आणि हा मागत असतो आठ. तर्जनी आकड्यासारखी वाकवली की नऊ. भाजीवाली असो की रिक्षावाला, आवाजाच्या गोंगाटात सगळे हे करतात. बाबांना शिकव, त्यांना मजा येईल.

दुसरी गोष्ट कागद. प्रत्येकाच्या खिशात एक कार्ड पाहिजे, त्यावर चिनी अक्षरांत हॉटेलचं नाव, पत्ता आणि तुझा नंबर. हॉटेलच्या काउंटरवर छापील कार्ड ठेवलेलं असतं, पोचल्या पोचल्या तीन उचलायची. इंग्रजीत लिहिलेला पत्ता टॅक्सीवाल्याला दाखवलास तर तो उलटासुलटा करून परत देईल. हॉटेलचं इंग्रजी नाव आणि चिनी नाव यांचा पुष्कळदा एकमेकांशी संबंधही नसतो. बाबा चुकले तर कार्ड कुणालाही दाखवायचं, पोलिसाला, दुकानदाराला, झाडूवाल्याला. कार्डाच्या मागे औषधांची माहितीही चिनीत लिहून घे: मधुमेह, रक्तदाब, कशाची ॲलर्जी. रुग्णवाहिका १२०, पोलीस ११०. फोनवर बोलता येणार नाही, तेव्हा शेजारच्या माणसाच्या हातात फोन द्यायचा.

आणि एप्रिलच्या ४-५ तारखेला त्यांचा छिंगमिंग असतो, पितरांच्या थडग्यांवर जायचा दिवस. सुट्टी असते, गाड्या भरलेल्या असतात. कोटणीसांच्या स्मशानभूमीतही त्या सुमारास शाळाशाळांची मुलं फुलं घेऊन येतात. गर्दी सोसत असेल तर मुद्दाम तेव्हा जा, नाहीतर आठवडाभर पुढे ढकल.

---

प्रेषक: बंडू, सेंगकांग

ताई, नानांचं कॅल्क्युलेटर ठीक आहे, पण आता भाजीवालीही रोख घ्यायला कुरकुरते. फोन नसेल तर चीनमध्ये माणूस पांगळा होतो.

निघायच्या आधी इथेच अलीपे आणि वीचॅट ही पैसे द्यायची दोन्ही ॲप टाकून, पासपोर्टची नोंद करून, कार्ड जोडून ठेव. २०२३ च्या जुलैपासून परदेशी व्हिसा, मास्टरकार्ड नीट चालायला लागली. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला वरचा आकार नाही, त्यापुढे ३ टक्के. वीचॅटला खातं उघडताना कधीकधी जुन्या वापरणाऱ्याची साक्ष मागतात, म्हणून ते तिथे जाऊन करू नकोस. बाबांचं भारतातलं कार्ड न्यायचं असेल तर बँकेकडून आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून घे, एरवी ते बंदच असतात. थोडी रोख ठेव, १० आणि २० च्या नोटा. मोठी नोट मोडून मिळत नाही.

गुगल, व्हॉट्सॲप, जीमेल, यूट्यूब तिथल्या इंटरनेटवर बंद. पण सिंगापूरच्या सिमचं रोमिंग किंवा प्रवासी ई-सिम घेतलं तर डेटा बाहेरून फिरून येतो, त्यामुळे सगळं चालतं. हॉटेलच्या वायफायवर गेलीस की व्हॉट्सॲप गप्प. आई-बाबांना एवढंच सांग की वायफायला हात लावायचा नाही. शिवाय चिनीचं ऑफलाइन भाषांतर उतरवून घे, भुयारी मेट्रोत लागतं.

भाषांतर करताना वाक्य तोकडं ठेवायचं. 'जरा बघता का, कुठे मिळालं असतं तर बरं झालं असतं' असलं काही बोललीस तर समोरचा तुझ्याकडे बघत राहील. 'गरम पाणी पाहिजे.' 'हे स्टेशन कुठे आहे?' बस. मेनूकार्डावर कॅमेरा धरला की अक्षरं बदलतात, पण पदार्थांची नावं हास्यास्पद येतात, त्यावरून ऑर्डर देऊ नकोस. टेबलावर क्यूआर असतो, त्यातून उघडणाऱ्या मेनूत बहुतेकदा फोटो असतात, तेच बघून मागवायचं.

टॅक्सीसाठी दीदी, अलीपेच्या आतूनच उघडते, इंग्रजीत. ड्रायव्हरने चिनीत निरोप टाकला की तुला इंग्रजीत दिसतो, तुझा त्याला चिनीत. तो फोन मात्र करतो! उचलायचा नाही, निरोप टाकायचा.

गुगलच्या नकाशावर विसंबू नकोस, तिथे रस्ता आणि उपग्रहाचं चित्र एकमेकांपासून सरकलेलं असतं. आयफोनचा नकाशा किंवा तिथलं आमॅप वापर.

आणि व्हिसा! सिंगापूरचा पासपोर्ट असेल तर तुला ३० दिवस लागत नाही, पण आई-बाबांच्या भारतीय पासपोर्टला लागणार. हे घरात सगळ्यात आधी बोला.

---

प्रेषक: आक्का, टँपिनीस

खायचं मी सांगते, कारण आमच्या घरातही शाकाहारच आहे.

नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही. तिथे मांस म्हटलं की डुकराचं, त्यामुळे कोंबडी, कोलंबी, हॅमचे बारीक तुकडे बिनदिक्कत येतात. घेवड्याची सुकी भाजी दिसायला साधी, त्यात खिमा. मापो टोफूतही खिमा. नूडल्सचं पाणी हाडांचं. म्हणून कागदावर सगळी यादी चिनीत करून ने: मांस, कोंबडी, मासे, अंडं, डुकराची चरबी, मांसाचा रस्सा यातलं काही नको. वेटरला न दाखवता आचाऱ्याला दाखवायला सांग. वेटर मान डोलावतो आणि विसरतो.

निर्धास्त खाण्यासारखं, यादी दाखवून: थि-सान-श्येन (नाव नंतर कुणीतरी नीट लिहा), म्हणजे वांगी, बटाटे आणि ढोबळी मिरची तळून परतलेली, उत्तरेकडे सगळीकडे मिळते. आणि आंबटतिखट बटाटा: हिरव्या-लाल मिरच्यांवर बटाट्याच्या काड्या खरपूस न करता नुसत्या परततात, वरून व्हिनेगर. आपल्या काचऱ्याच, फक्त कच्च्या राहिल्यासारख्या कुरकुरीत. आईला पहिल्या घासाला वाटेल शिजलं नाही. ते तसंच असतं. भात मागितला तर जेवणाच्या शेवटी आणतात, आधी हवा असेल तर बोटाने दाखवून आधीच मागा.

शांघायला नानचिंग रोडवर कुंग-त-लिन आहे, १९२२ पासूनचं शाकाहारी उपाहारगृह, बौद्ध पद्धतीचं. पण सावध करते, तिथे बदक दिसतं, मासा दिसतो, अगदी कातडीसकट. सगळं टोफूच्या सायीचं आणि मैद्याचं. आईंना आधी सांगितलं नाही तर त्या ताटावरून उठतील. देवळांच्या भोजनालयात कांदा-लसूणही नसतो, आमचे जैन शेजारी तिथेच जेवले.

थंड पाणी कुणी देत नाही. गाडीत, स्टेशनवर उकळत्या पाण्याचा नळ असतो आणि आख्खा देश हातात थर्मास घेऊन फिरतो. आईंसाठी एक न्याच. सोलापूरची शेंगाची चटणी आणि कडक भाकरी त्या बांधून आणतीलच, मग गाडीत गरम पाण्याबरोबर मजेत प्रवास.

---

प्रेषक: छोटीची आई, क्लेमेंटी

नानांशी माझं जरा भांडण आहे. बोलायचंच नाही हे काय?

छोटीने शाळेत हिंदीऐवजी चिनी घेतलं, तेव्हा तिच्याबरोबर मीही थोडं गिरवलं. एक गोष्ट लक्षात आली: इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं चिनी वाचून आपण फसतो, देवनागरीत लिहिलं तर निम्मं काम होतं. त्यांच्याकडे ब, द, ग नाहीतच. ब लिहिलेला दिसतो तो आपला प, आणि प लिहिलेला दिसतो तो फ, ओठ बंद करून, जोरात हवा सोडून. त आणि थ, क आणि ख यांचंही तेच. इंग्रज माणसाला हा फरक शिकायला महिने लागतात, आपण बाराखडीतच शिकून आलेलो असतो. बीजिंग म्हणजे पेइ-चिंग. शिजियाझुआंग म्हणजे श्-च्या-च्वांग. आक्का, तुमची भाजी ती-सान-श्येन, थ नाही.

शिवाय आपल्याकडे चमच्यातला च वेगळा आणि चिवड्यातला च वेगळा. चिनीतही दोन्ही आहेत. वर जीभ मागे वळवलेला तिसरा. आईंना सांगितलं की कळेल.

एवढं पाठ करवा: नी हाउ. श्ये-श्ये (आभार). पू याउ (नको, फेरीवाला चिकटला की). तुओ-शाउ छ्येन (केवढ्याला). खाय-श्वेइ (उकळतं पाणी). शी-शौ-च्येन (बाथरूम). वो छ् सू (मी शाकाहारी). इन्-तू (भारत). सुरांचे चढउतार चुकतील, चुकू देत, संदर्भावरून कळतं.

आणि बाबांसाठी खास: तिथे कोटणीसांचं नाव ख ती-ह्वा. इंग्रजीतलं 'कोटनिस' कुणाला ठाऊक नसतं, पण ख ती-ह्वा म्हटलं की वयस्क माणसांचे चेहरे बदलतात. १९३८ साली काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांतले ते एक, नागपूरचे डॉ. चोळकरही त्यात होते. कोटणीस चिनी बोलायला-वाचायला शिकले, तिथेच क्वो छिंग-लान यांच्याशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला बत्तिसाव्या वर्षी गेले. समाधी असलेल्या शहीद स्मशानभूमीतच कॅनडाच्या डॉ. बेथ्यून यांचीही समाधी आहे. टॅक्सीवाल्याला स्मशानभूमीचं नाव चिनी अक्षरांत दाखवा, मग बाबांना म्हणू देत, 'इन्-तू, ख ती-ह्वा.' बघा काय होतं ते.

---

प्रेषक: नाना, बेडोक

काय होतं ते मला ठाऊक आहे. टॅक्सीवाला खूश होऊन पुढचा अर्धा तास चिनीत बोलत राहतो. एक वाक्य चोख उच्चारलंस की त्याला वाटतं तुला सगळं येतं. अडखळत बोललेलं बरं, समोरचा हळू होतो.

स्मशानभूमीपुरतं मात्र तुझं मान्य. तिथे बाबांनी बोलावंच.

रेल्वेचं राहिलं. तिकीट '१२३०६' नावाच्या चिनी रेल्वेच्या इंग्रजी ॲपवर, १५ दिवस आधी खुलतं. कागदी तिकीट नाही, पासपोर्टच तिकीट, म्हणून नाव पासपोर्टवर आहे तस्सं टाक, आईंचं मधलं नाव गाळू नकोस. बायोमेट्रिक फाटक पासपोर्ट ओळखत नसेल तर बाजूच्या माणूस असलेल्या फाटकातून जायचं. विमानतळासारखी सामानाची तपासणी असते आणि गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी फाटक बंद होतं, तेव्हा तासभर आधी पोच. एका शहरात पाच-सहा स्टेशनं असतात. पेइ उत्तर, नान दक्षिण, तुंग पूर्व, शी पश्चिम. तुझी गाडी बहुधा पेइचिंग-शीहून असेल, पेइचिंगहून नाही. टॅक्सीवाल्याला तिकिटाचा चिनी स्क्रीनशॉट दाखव. तिथून श्-च्या-च्वांग वेगवान गाडीने सव्वा-दीड तास.

---

प्रेषक: सोलापूरकर, पुंगोल

सगळ्यांचे मनापासून आभार! बाबा कालपासून व्हिडिओ कॉलवर बोटांनी आठ दाखवतायत. आईने चिनी शाकाहारी यादीचा प्रिंट मागवलाय, लॅमिनेट करून. कार्डांचं आज रात्री करते. छोटीची आई, चिनी अक्षरं तपासून द्याल का? भाषांतराच्या ॲपने 'डुकराची चरबी' नीट लिहिलीय की नाही ते मला कळणार नाही.

बंडूदादा, एवढं सगळं फोनवर तर पॉवर बँक दोन नेऊ का?

---

प्रेषक: बंडू, सेंगकांग

ने, पण त्यावर ३सी चा (चीनच्या सुरक्षा प्रमाणपत्राचा) शिक्का आहे का ते बघ. २८ जून २०२५ पासून चीनच्या देशांतर्गत विमानांत तो शिक्का नसलेली पॉवर बँक नेऊ देत नाहीत, तपासणीतच ठेवून घेतात. श्-च्या-च्वांगहून शांघायला विमानाने जाणार असशील तर तिथेच उतरल्यावर नवी घेतलेली परवडेल. गाडीने जाणार असशील तर अडचण नाही. कशाने जायचंय ते ठरलं की कळव.