अक्षर असूनही स्थिरांक कसा?

प्रश्न:
अक्षर म्हणजे चल आणि आकडा म्हणजे स्थिरांक, असं डोक्यात पक्कं बसलंय. पण दहावीच्या वर्गसमीकरणात, अक्ष² + बक्ष + क = ० मध्ये, अ, ब, क स्थिरांक. उलट २क्ष + ५ = ११ मध्ये क्ष ३च येतो, तरी तो चल! ओळखायचं कशावरून?

प्रतिसाद १:
अक्षर की आकडा हे बघूच नका. त्या उदाहरणात कोणाची किंमत बदलू द्यायची आणि कोणाची धरून ठेवायची, ते बघा. वीजबिल घ्या. समजा स्थिर आकार १३० रुपये आणि युनिटला सरसकट ८ रुपये. मग बिल य = ८क्ष + १३०. ५० युनिट जळले तर ५३०, १०० जळले तर ९३०. क्ष आणि य चल. ८ आणि १३० जागचे हलत नाहीत. उद्या दर ९ झाला तर समीकरणच नवं. अशी सगळी समीकरणं एकदम मांडायला य = मक्ष + क लिहितात. म, क अक्षरं खरी, पण एका दरापुरती ठरलेली. त्यांना प्रचल म्हणतात.

२क्ष + ५ मध्ये क्ष = १ ठेवलात तर ७, २ ला ९, ३ ला ११. किंमत कोणतीही ठेवता येते, म्हणून चल. ३ ही फक्त समीकरणाची उकल.

प्रतिसाद २:
गुण जातात ते चिन्हावर. क्ष² − ४क्ष − ९ = ० मध्ये स्थिरपद (क्ष नसलेलं पद) −९ आहे, ९ नव्हे. मुळं (उकली) वास्तव आहेत का, हे ब² − ४अक वरून कळतं; ते उणे आलं तर नाहीत. इथे ब² − ४अक = १६ + ३६ = ५२. उणे विसरलात तर १६ − ३६ = −२०, आणि मुळं असूनही ‘वास्तव मुळे नाहीत’ असं लिहून मोकळे! शिवाय −४ हाही स्थिरांकच, पण तो क्षचा सहगुणक (क्षला गुणणारा आकडा), स्थिरपद नव्हे.

प्रश्नकर्ता:
आणि ३क्ष + ५ = ८क्ष का नाही?

प्रतिसाद २:
क्ष = २ ठेवा: डावीकडे ११, उजवीकडे १६. पडताळा १ ने कधीच घेऊ नका. इथे दोन्हीकडे ८ येतात आणि चूक झाकली जाते. १२व्या शतकात गणिती भास्कराचार्य अव्यक्ताला (अज्ञात संख्येला) ‘या’ (यावत्तावत्) आणि नुसत्या संख्येला ‘रू’ (रूप) लावत. हीच राशी त्यांच्या रीतीने ‘या ३ रू ५’. वहीत तसं लिहून बघा, ३ आणि ५ मिळवायला हातच धजणार नाही.