फॉरवर्ड नकोत, अल्बम सांगा

[८:५२] मामा: वर्ष संपत आलं. उद्यापासून ग्रुपवर तेच ते फुलांचे फोटो आणि दुसऱ्याने लिहिलेल्या शुभेच्छा येणार. त्याआधी आपलं काम उरकून घेऊ. २०२४मध्ये आलेला एकच अल्बम, प्रत्येकाने. रॉक नाहीतर इंडी. नियम जुनाच: पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, क्रमाने, निदान तीनदा ऐकलेला हवा. शफलवर ऐकलेला धरला जाणार नाही.

[८:५३] चिकू: आणि हे तपासणार कोण?

[८:५३] मामा: चेहऱ्यावरून कळतं.

[८:५४] मामी: दोघं एकाच सोफ्यावर बसलेत. मान वर न करता ग्रुपवर भांडतायत. बाकीच्यांच्या माहितीसाठी सांगितलं.

[८:५८] मामा: माझं ठरलंय. द क्युअर, ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’. १ नोव्हेंबरला आला. याच्या आधीचा त्यांचा अल्बम २००८चा, म्हणजे सोळा वर्षं वाट बघितली. दरम्यान अर्ध्या जगाने त्यांना जमेत धरणं सोडलं होतं. आठच गाणी. त्यांचा गायक रॉबर्ट स्मिथ पासष्टचा झाला आणि आवाजावर त्याचा ओरखडा नाही. आई, वडील, मोठा भाऊ, तिघेही गेले, त्यातून ही गाणी आलीत. भावावरचं एक तर सरळ त्याच्यासाठीच आहे. पहिल्या गाण्यात तीन मिनिटं होऊन गेली तरी माणूस तोंड उघडत नाही. काय हिंमत आहे!

[८:५९] चिकू: मला वाटलं आवाजाचा ट्रॅक यायचा राहिलाय. मी नेट चालू-बंद करून बघितलं.

[९:००] मामा: शेवटचं ‘एंडसाँग’ तर दहा मिनिटांच्या वर आहे. त्यात सहा मिनिटं नुसते ड्रम आणि गिटार.

[९:००] चिकू: सहा! बाबा, सहा मिनिटांत दोन गाणी होतात.

[९:०१] मामा: तुझी. ऐकलंस का शेवटपर्यंत?

[९:०१] चिकू: सुरुवात ऐकली.

[९:०२] मामा: बघा. चेहऱ्यावरून कळतं म्हटलं ना.

[९:०६] दादा: मी फाँटेन्स डी.सी. डीसी म्हणजे डब्लिन सिटी. ‘रोमान्स’, ऑगस्टमधला, त्यांचा चौथा. पहिले तीन मला आवडले होते, पण ते आदराने ऐकायचो, शाळेने नेमून दिलेलं पुस्तक वाचावं तसे. हा मात्र सोडवेना. ‘स्टारबर्स्टर’ ऐका. गायकाला लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवर पॅनिक अटॅक आला होता, त्यावरचं गाणं आहे. ध्रुवपदात प्रत्येक ओळीनंतर तो एकदम श्वास आत ओढतो. बुडता बुडता वर आल्यासारखा. गंमत म्हणजे तो श्वासच ठेका होऊन बसतो. दुसऱ्यांदा ऐकताना आपण त्याची वाट बघायला लागतो.

[९:०८] दादा: मला लिफ्टमध्ये एकदा असं झालं होतं. तेव्हा बरोबरच्या लोकांना वाटलं मला उचकी लागलीय. म्हणून असेल, पण हे गाणं मला हसवतंही.

[९:०९] ताई: हे तू कधी सांगितलं नाहीस.

[९:०९] दादा: लिफ्ट उघडली आणि विषय संपला.

[९:१५] चिकू: आता माझा. सिंडी ली, ‘डायमंड ज्युबिली’. हे पॅट्रिक फ्लेगल या कॅनडातल्या कलाकाराचं मंचावरचं रूप, आधी ‘विमेन’ नावाच्या बँडमध्ये असलेला. ३२ गाणी. दोन तासांच्या वर.

[९:१५] मामा: गुणिले तीन म्हणजे सहा तास. परीक्षेच्या महिन्यात?

[९:१६] मामी: म्हणजे तो आवाज गणिताचा नव्हता तर.

[९:२१] चिकू: ऐक ना पूर्ण. मार्चअखेरीस आला तेव्हा कुठल्याच ॲपवर नव्हता. यूट्यूबवर एकच अखंड व्हिडिओ, आणि एक वेबसाइट, आपल्या जन्माआधीची वाटावी अशी, तिथून फाइल उतरवून घ्यायची. पैसे ऐच्छिक. ना जाहिरात, ना गाण्याचा व्हिडिओ. तरी तोंडोतोंडी सगळीकडे पोचला. ऐकताना कुठल्या तरी जुन्या रेडिओवर दूरचं स्टेशन लागलंय असं वाटतं. साठच्या दशकातल्या मुलींच्या गटांच्या गाण्यांसारखी चाल, आणि वर गिटार, जरा गंजलेली. बाबा, मुद्दा हा की एकच अखंड व्हिडिओ होता. शफल करायची सोयच नव्हती. तुझ्या नियमात बसणारा वर्षातला सगळ्यात सच्चा अल्बम माझा आहे.

[९:२३] मामा: वकील हो.

[९:२३] मामा: पण मान्य.

[९:३०] ताई: मी एम. जे. लेंडरमन. ‘मॅनिंग फायरवर्क्स’. पंचविशीतला पोरगा, गातो मात्र आत्ताच झोपेतून उठवल्यासारखा. त्याच्या गाण्यातले पुरुष सगळे थोडे थोडे वाया गेलेले, आणि त्यांना ते मान्य नसतं. एका गाण्यातला माणूस बढाई मारतो की माझी हाउसबोट आहे, माझ्या मनगटी घड्याळात होकायंत्रही आहे आणि फोनही. आणि चाल अशी की ऐकताना त्या मूर्खाची दया येते. आपल्या ओळखीत असे किती आहेत, नावं घेत नाही. याच वर्षी वॅक्साहॅची नावाच्या गायिकेच्या ‘टायगर्स ब्लड’मध्येही त्याने गिटार वाजवलीय, मागून गायलाय. तो अल्बमही तीनदा ऐकलाय, पण एकच सांगायचा म्हणून सांगत नाहीये.

[९:३१] मामा: सांगून झालं की.

[९:३८] मावशी: मला ते किम गॉर्डनबाईंचं आवडलं. ‘द कलेक्टिव्ह’. त्यांचा बँड सॉनिक यूथ बंद झाल्यावर बाई थांबतील असं वाटलं होतं. सत्तराव्या वर्षी हे काढलं. पहिल्याच गाण्यात बाई प्रवासाची बॅग भरतायत. काय काय घ्यायचं त्याची नुसती यादी वाचून दाखवतात, गाणं असं नाहीच. मागे ते धाडधाड बीट, पोरांच्या गाड्यांतून ऐकू येतात तसे. मला तो आवाज सोसत नाही, डोकं धरतं. पण यादी मात्र तीनदा ऐकली. प्रवासाला निघताना माझं डोकं अगदी असंच वाजतं.

[९:३९] दादा: आई, आपण सगळे स्टेशनवर पोचलो की तू म्हणतेस, चार्जर राहिला.

[९:३९] मावशी: म्हणून तर.

[९:४७] चिकू: कोणी तो गायक फादर जॉन मिस्टी कसा नाही सांगितला? नोव्हेंबरमधल्या अल्बमचं नाव ‘महाश्मशान’ आहे. खरंच. संस्कृतच.

[९:४८] मामी: वर्षअखेरीला हे काय अभद्र.

[९:४९] मावशी: अभद्र कसलं. काशीला महाश्मशान म्हणतातच.

[९:५०] चिकू: पण आत्या, तो शेवटी काना लावतो. महाश्मशाना.

[९:५०] मावशी: योगचं योगा केलं, आता श्मशानाचीही सुटका नाही.

[९:५२] दादा: नाव सोडा, नऊ मिनिटांचं शीर्षकगीत काय बांधलंय! तारवाद्यांची लाटच्या लाट. तो स्वतःची थट्टा करत करत मरणाबद्दल बोलतो. मला मात्र थट्टा जास्त झाल्यासारखी वाटते, म्हणून पहिल्या क्रमांकावर नाही.

[१०:०१] मी: माझाही त्याच दिवशी आला, २२ नोव्हेंबर. किम डील, ‘नोबडी लव्ह्ज यू मोअर’. पिक्सीजमध्ये बेस वाजवायची, मग ब्रीडर्स. इतकी वर्षं बँडच्या नावामागे राहून त्रेसष्टाव्या वर्षी स्वतःच्या एकटीच्या नावाचा पहिला अल्बम. यातली काही गाणी तिच्याकडे दहा-दहा वर्षं पडून होती. तिला कसली घाईच नाही.

[१०:०४] मी: त्यातलं ‘आर यू माइन?’ मी चार-पाचदा प्रेमगीत म्हणून ऐकलं. हळू, गोड, जुन्या पद्धतीचं. मग त्यामागची गोष्ट वाचली. तिच्या आईला अल्झायमर होता, आणि किम आईवडिलांचं करायला घरी राहत होती. एकदा घरातल्या बोळातून जाताना आईने तिला अडवलं आणि विचारलं, तू माझी का गं? गाणं तेच आहे, एक अक्षर बदललं नाही. आता पूर्ण ऐकवत नाही. म्हणजे मामाच्या नियमात मी बसत नाही कदाचित.

[१०:०६] मामा: बसतोस.

[१०:१९] मावशी: आईने मला शेवटच्या वर्षी विचारलं होतं, “तुम्ही कोणाकडच्या?” मी म्हटलं, तुमच्याकडचीच. तिला काही ते पटलं नाही. पण पाय जवळ घेऊन पलंगावर बसायला जागा करून दिली. पाहुण्यांना करतात तशी.

[१०:२१] मामा: अक्का, हे तू बोलली नाहीस कधी.

[१०:२१] मावशी: विचारलं कोणी?

[१०:२३] मावशी: त्या गाण्याची लिंक टाक रे. क्रमाने-बिमाने मी ऐकणार नाही, आधीच सांगते.

[१०:२४] मी: टाकतो. ❤️

[१०:३६] मामा: किम डीलचा विषय निघालाय तर एक राहिलं. त्यातली काही गाणी स्टीव्ह अल्बिनीने रेकॉर्ड केलीत. तो ७ मे रोजी गेला, एकसष्टाव्या वर्षी. पिक्सीजचा ‘सर्फर रोझा’, ब्रीडर्सचा ‘पॉड’, पीजे हार्वीचा ‘रिड ऑफ मी’, निर्वाणाचा ‘इन युटेरो’, सगळे त्याच्या हातचे. स्वतःला निर्माता म्हणवून घ्यायचा नाही. रेकॉर्ड कुणी केलं, एवढंच लिहा म्हणायचा. आणि रॉयल्टी घ्यायचा नाही. निर्वाणाला त्याने पत्रातच लिहून टाकलं होतं की मला प्लंबरसारखे पैसे द्या, कामाचे तेवढे. ‘इन युटेरो’ किती खपणार हे सगळ्यांना दिसत असताना! आम्ही कॉलेजात त्या ड्रमच्या आवाजावर तासन्‌तास वाद घातलेत. खोलीत ड्रम ठेवलाय आणि आपण दारात उभे आहोत, असा आवाज. बाकीच्यांच्या रेकॉर्डमध्ये ड्रम कुठे आहे तेच कळायचं नाही.

[१०:३८] मामा: तो गेल्यावर दहाच दिवसांनी त्याच्या स्वतःच्या बँडचा, शेलॅकचा, ‘टू ऑल ट्रेन्स’ आला. तारीख आधीच ठरलेली होती. शेवटच्या गाण्याचं नाव, मला नरकाची भीती नाही. मी ते गाणं एकदाच ऐकलं. म्हणून तो अल्बम माझ्या यादीत नाही, नियम म्हणजे नियम.

[१०:४०] ताई: बाप रे.

[१०:४१] चिकू: पासष्ट, सत्तर, त्रेसष्ट. हे वर्ष काय ज्येष्ठ नागरिकांचं होतं का?

[१०:४२] दादा: जॅक व्हाइट तरुण आहे की. पन्नाशीही नाही.

[१०:४३] चिकू: त्याचं मात्र भारी होतं. जुलैत त्याच्या रेकॉर्डच्या दुकानांत कोणी काही घेतलं की पिशवीत पांढऱ्या पाकिटातली एक तबकडी फुकट सरकवत होते. वर गायकाचं नाव नाही, गाण्यांची यादी नाही. लोकांनी घरी जाऊन लावली तर जॅक व्हाइटचा अख्खा नवा अल्बम! नंतर दोन आठवड्यांनी रीतसर आला, ‘नो नेम’ म्हणून.

[१०:४५] दादा: आणि मदू मोक्तारला विसरू नका. नायजरचा तुआरेग, डावखुरा. पहिली गिटार त्याने स्वतःच बनवली होती, सायकलच्या ब्रेकच्या तारा लावून. ‘फ्युनरल फॉर जस्टिस’. शब्द एक कळत नाही, पण हा माणूस चिडलाय एवढं पहिल्या मिनिटात कळतं.

[१०:५८] मामी: माझा कोणी विचारलाच नाही.

[१०:५८] मामा: अगं, तू ऐकतेस?

[११:०५] मामी: बेथ गिबन्स. ‘लाइव्ह्ज आउटग्रोन’. मे महिन्यात आला. पोर्टिसहेड बँडची गायिका. त्यांचा ‘डमी’ १९९४चा, आणि अहो, ती कॅसेट या घरात मी आणली, तुम्ही नाही. हा तिचा स्वतःचा पहिला, करायला दहा वर्षं घेतली. ओळखीची माणसं एकेक करून जायला लागली, आपलं शरीर आपलं ऐकेनासं झालं, त्या वयाबद्दल आहे. या विषयावर गाणी कोणी करत नाही, केली तर विनोदी करतात. ड्रमवाल्याने ड्रम नकोत म्हणून प्लॅस्टिकचा डबा आणि पडद्यांनी भरलेलं खोकं वाजवलंय. कुठेही थाड असा आवाज नाही, सगळं शेजारच्या खोलीत चाललंय असं. तुम्ही दोघं झोपल्यावर हेडफोन लावून ऐकते. तीनदा नाही, तीसदा झाला असेल.

[११:०६] ताई: मामी 🙏

[११:०७] चिकू: माझ्या हेडफोनची बॅटरी सारखी उतरलेली का असते ते आज कळलं.

[११:०९] मामा: मी काही बोलत नाही.

[११:०९] मामी: बरं होईल.

[११:२०] दादा: मामा, मी यादी करू का? नंबर देऊन?

[११:२१] मामा: नंबर कसले? शर्यत आहे का?

[११:२१] दादा: मागच्या वर्षी तूच नंबर दिले होतेस आणि स्वतःला पहिला दिला होतास.

[११:२२] मामा: मागच्या वर्षी बेथ गिबन्स नव्हती.

[११:३१] मावशी: ऐकलं ते गाणं. दोनदा. झोपते आता.

[११:३२] मी: बरं मावशी.

[११:४६] चिकू: बाबा, लावलंय ‘एंडसाँग’. आधीची सात ऐकून आलोय, क्रमाने. नोंद घ्यावी.

[११:४७] मामा: खोलीतला दिवा घालव.

[११:४९] चिकू: तीन मिनिटं. अजून कोणी आलेलं नाही.

[११:४९] मामा: हात लावू नकोस.

[११:५०] चिकू: ड्रम तेच ते चाललेत. पण गिटार वाढतेय. की मला तसं वाटतंय?

[११:५०] मामा: वाढतेय.

[११:५२] चिकू: आला.

[११:५२] मामी: कोण आलं आत्ता या वेळेला?

[११:५३] मामा: अगं, रॉबर्ट स्मिथ. चिकू, अजून चार मिनिटं आहेत. आता टाइप करू नकोस.