गार्डना शिकवायला डमी बॉम्ब घ्यावा का?

राजारामपुरी_सुपरवायझर
नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या राजारामपुरीत एका शॉपिंग कॉम्प्लेक्सवर सिक्युरिटी सुपरवायझर आहे. नवरात्र तोंडावर आलंय. अंबाबाईचं दर्शन झालं की गर्दी खरेदीला इकडंही वळते. नवीन पोरं भरलीत, बरीचशी कागल-राधानगरीकडची. ट्रेनिंगची सर्टिफिकेटं सगळ्यांकडं आहेत. पण बेवारस बॅग दिसली तर काय करशील, असं एकाला विचारलं तर म्हणाला, "उघडून बघणार." अंगावर काटा आला. एजन्सीवाला म्हणतोय, वायरी आणि घड्याळ लावून डमी बॉम्ब करून देतो. घेऊ का?

सॅपर_टाकळीकर
नका घेऊ, साहेब. मी बॉम्बे सॅपर्समधून (फौजेची इंजिनिअर रेजिमेंट) रिटायर झालो, आता गार्डनाच शिकवतो. वायर-घड्याळवाला डमी बघून पोरांच्या डोक्यात तेवढंच चित्र पक्कं बसतं. 2006 ला मुंबईच्या लोकलमध्ये कुकर वापरल्याचं पोलिसांनी सांगितलं, 2010 ला पुण्यात जर्मन बेकरीत बेवारस बॅग होती. बघणाऱ्याला दोन्ही रोजच्या वापरातल्याच वस्तू.

गार्डनं बॉम्ब ओळखायचा नसतो, जागेवर नसायला पाहिजे ती वस्तू ओळखायची असते. म्हणून माझ्याकडं जुनी सॅक, स्टीलचा डबा, मिठाईचा बॉक्स एवढंच सामान. वजन यावं म्हणून आत वाळूची पुरचुंडी. फौजेत सरावाच्या निर्जीव वस्तूंना निळा रंग देतात, तसा पट्टा मी आतल्या बाजूला मारतो. 'प्रशिक्षणासाठी, निर्जीव' असं ठळक लिहितो, खाली माझा फोन नंबर.

बॅग ठेवायची आणि लांबून बघत राहायचं. पोरगा हात लावतो का? आजूबाजूला "कुणाची हो ही?" असं विचारतो का? लोकांना कुठल्या जिन्यानं काढतो? बॅगेशेजारी उभं राहून वॉकीटॉकीचं बटण दाबलं की मी तिथंच थांबवतो. आधी लांब यायचं, मग 112.

वस्तूंची वही ठेवा. किती बाहेर काढल्या, किती परत आल्या, सही करूनच जायचं. एखादी सॅक मागच्या जिन्यात राहिली तर दुसऱ्या दिवशी बॉम्बशोधक व नाशक पथक श्वानासकट दारात येईल, आणि लोकांची पळापळ होईल ती खरीच असेल. सरावाआधी पोलीस ठाण्यात लेखी कळवा.

अजून एक. भंगारातला जुना शेल किंवा ग्रेनेड "निकामी आहे" म्हणून कुणी देईल. निकामी केल्याचा कागद नसेल तर तो जिवंतच धरायचा.

एक्सरे_स्क्रीन
टाकळीकर काका बरोबर बोलले. मी सामान तपासायच्या मशीनवर बसते. आमच्यासाठी वेगळे नमुने असतात. स्फोटक अजिबात नसतं, पण घनता तशीच, त्यामुळं स्क्रीनवर तसंच दिसतं. सेंद्रिय वस्तू नारिंगी, धातू निळा. आपल्याकडं गुळाची ढेप नसलेली बॅग कमीच, आणि ढेपही गडद नारिंगीच येते. तो फरक नजरेत बसवायला हे नमुने लागतात. दादा, तुमच्याकडं मशीन नसेल तर असल्या नमुन्यांवर पैसे घालवू नका.

राजारामपुरी_सुपरवायझर
आभारी आहे. पोरांना आधी सांगायचं का? आणि एजन्सीवाला म्हणतोय हे ट्रेनिंग आमच्या कामात येत नाही.

सॅपर_टाकळीकर
येतं की! पसारा म्हणजे खासगी सिक्युरिटी एजन्सींच्या कायद्याखालचे केंद्राचे मॉडेल रूल्स त्याच्यासमोर ठेवा. वर्गात 100 तास, प्रत्यक्ष 60 तास, आणि आयईडी, म्हणजे जुगाड करून बनवलेला बॉम्ब, ओळखणं हा विषय त्यात लिहिलेलाच आहे.

पहिल्या वेळी पोरांना सांगून करा. पुढं न सांगता, पण शटर उघडायच्या आधीच. गिऱ्हाईक आत असताना कधीच नाही. आणि बॅग लिफ्टसमोर ठेवू नका, तिथं सगळ्यांची नजर जाते. पार्किंगमधल्या कुंड्यांच्या मागं ठेवा. राउंड मारणारा वाकून बघतो की नुसता पुढं जातो, ते तिथं कळेल.