अमेरिकेत रिटर्न भरून देणाऱ्याने ग्राहकांचे दप्तर किती वर्षे ठेवावे?

एडिसनकर (प्रश्न):
नमस्कार. मी न्यू जर्सीत पीटीआयएन (रिटर्न तयार करणाऱ्याला मिळणारा नोंदणी क्रमांक) घेऊन, शुल्क आकारून वैयक्तिक प्राप्तिकर रिटर्न तयार करून देतो. ग्राहकांत बरीच मराठी कुटुंबे आहेत आणि त्यांतील अनेकांची भारतात बँक खाती, पीपीएफ किंवा घर आहे. येत्या काही महिन्यांत कार्यालयाची जागा बदलायची आहे आणि कपाटांत २०१६ पासूनच्या फायली आहेत. 'तीन वर्षे ठेवा' असे सगळेच सांगतात. पण ती तीन वर्षे रिटर्न दाखल झाल्यापासून मोजायची, की कर-वर्ष संपल्यापासून, हे नेमके कोणी सांगत नाही. रिटर्नची पूर्ण प्रत ठेवावी लागते की नुसती यादी चालते? शिवाय पुण्यातील एका नातेवाइकांची संस्था सर्व फायली स्कॅन करून लावून देण्यास तयार आहे. त्यांना त्या पाठवाव्यात का, हाही प्रश्न आहे.

जुना_ईए:
आपण मुदतीच्या प्रारंभाविषयी विचारलेत हे फार चांगले झाले, कारण गोंधळ तिथेच होतो. अंतर्गत महसूल संहितेच्या (अमेरिकेच्या करकायद्याच्या) कलम ६१०७(ब) मध्ये 'रिटर्न कालावधी' ही कल्पना आहे. हा कालावधी १ जुलै ते पुढील ३० जून असा बारा महिन्यांचा असतो आणि रिटर्न ज्या कालावधीत करदात्याकडे सहीसाठी दिले, तो कालावधी संपल्यानंतर तीन वर्षे ते जपावे लागते. म्हणजे मार्च २०२५ मध्ये सहीसाठी दिलेले रिटर्न ३० जून २०२८ पर्यंत ठेवायचे. दाखल केल्याच्या तारखेपासून मोजणारे लोक त्यामुळे काही महिने आधीच फाईल नष्ट करून बसतात.

यादी कायद्याला चालते. तीत करदात्याचे नाव, त्याचा करदाता क्रमांक, कर-वर्ष आणि रिटर्नचा प्रकार असावा लागतो, आणि सही कोणत्या तयारकर्त्याने केली याचीही नोंद लागते. तरीही माझा आग्रह पूर्ण प्रतीचाच राहील. ग्राहकाला आयआरएसची (अमेरिकी करखात्याची) नोटीस आली तर यादीवरून तुम्ही त्याला काहीही सांगू शकणार नाही. नियम मोडल्यास कलम ६६९५(ड) खाली प्रत्येक चुकीला मूळ ५० डॉलर आणि वर्षाला कमाल २५,००० डॉलर दंड आहे. महागाईनुसार हे आकडे वाढत जातात. कार्यालयात इतर तयारकर्ते नोकरीला असतील तर ही जबाबदारी त्यांची नसून मालक म्हणून तुमची आहे.

सीपीए_जर्सी:
वरील उत्तर बरोबर आहे, पण मुदतवाढीच्या रिटर्नसाठी त्यात एक भर घालणे आवश्यक आहे. रिटर्न एका कालावधीत सहीसाठी दिले, परंतु मुदतवाढ धरून त्याची अंतिम तारीख पुढच्या कालावधीत येत असेल, तर तीन वर्षे त्या पुढच्या कालावधीच्या अखेरीपासून मोजली जातात. समजा मुदतवाढ घेतलेल्या ग्राहकाला तुम्ही मे २०२५ मध्ये रिटर्न सहीसाठी दिले. त्याची अंतिम तारीख १५ ऑक्टोबर २०२५ ही पुढच्या कालावधीत येते, म्हणून फाईल ३० जून २०२९ पर्यंत ठेवावी लागेल. भारतातून व्याजाचे दाखले उशिरा येत असल्याने आपल्या ग्राहकांत मुदतवाढ घेणारे पुष्कळ असतात, म्हणून फाईलवर मुदतवाढीची खूण आजच करून ठेवा.

फॉर्म ८८६७, म्हणजे ग्राहक काही करसवलतींना पात्र आहे हे तयारकर्त्याने तपासल्याचा फॉर्म, त्याचे दप्तर हा स्वतंत्र विषय आहे. अर्न्ड इन्कम क्रेडिट, चाइल्ड टॅक्स क्रेडिट, अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट या सवलती किंवा 'हेड ऑफ हाउसहोल्ड' (कुटुंबप्रमुख) हा करदर्जा घेतलेला असेल, तर तो फॉर्म, आकडेमोडीची पाने, ज्या कागदांवर तुम्ही विसंबलात त्यांच्या प्रती आणि माहिती कोणाकडून, कधी व कशी मिळाली याची नोंद तीन वर्षे हवी. इथे घड्याळ वेगळे आहे: मुदतवाढ वगळून येणारी अंतिम तारीख, ई-फाइल केल्याची तारीख किंवा कागदी रिटर्न सहीसाठी दिल्याची तारीख, यांतील सर्वांत उशिराची धरायची. ई-फाइलच्या सहीचा फॉर्म ८८७९ अंतिम तारीख किंवा आयआरएसला रिटर्न मिळाल्याची तारीख, यांतील नंतरच्या तारखेपासून तीन वर्षे ठेवायचा. व्यवहारात सर्व कागद एकाच फाईलमध्ये ठेवून ३० जूनचा नियम पाळला, तर या मुदती बहुधा त्यातच सामावतात. जूनअखेर सही होऊन जुलैत दाखल झालेली उशिराची रिटर्न तेवढी वेगळी तपासावीत.

माहिती_सुरक्षा:
मला दुसरी बाजू मांडायची आहे. जास्त ठेवले म्हणजे जास्त सुरक्षित, असे अजिबात नाही. करसल्लागार फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेच्या सेफगार्ड्स रूलखाली, म्हणजे ग्राहकांची माहिती सुरक्षित ठेवण्याच्या नियमाखाली येतात. ग्राहकाला सेवा देताना त्याची माहिती शेवटची वापरल्यापासून दोन वर्षांच्या आत ती सुरक्षितपणे नष्ट करावी, असे तो नियम म्हणतो. कायद्याने ठेवणे भाग असेल किंवा व्यवसायाचे रास्त कारण असेल तर सवलत आहे. पाच हजारांपेक्षा कमी ग्राहकांची माहिती असलेल्यांना त्या नियमातील काही तरतुदी माफ आहेत, पण ही माफ नाही. म्हणून जुना ग्राहक सोडून गेला असेल आणि २०१६ ची फाईल केवळ सवयीने कपाटात असेल, तर तिचे समर्थन करणे कठीण आहे. सोशल सिक्युरिटी क्रमांक, जन्मतारखा आणि मुलांची नावे एकाच पानावर असलेले कागद चोरीला गेले, तर त्या कुटुंबाला वर्षानुवर्षे निस्तरावे लागते. किती वर्षे ठेवणार आणि कसे नष्ट करणार, हे आपल्या लेखी माहिती-सुरक्षा योजनेत लिहून काढा आणि त्याप्रमाणे वागा.

पुण्याला फायली पाठवू नका, निदान आज तरी नाही. त्याच करसंहितेच्या कलम ७२१६ नुसार अमेरिकेबाहेरील तयारकर्त्याला किंवा मदतनिसाला माहिती देण्यापूर्वी प्रत्येक ग्राहकाची लेखी संमती लागते. नातेसंबंधाने त्यात काहीही फरक पडत नाही. दोन्ही बाजूंना पुरेशी संरक्षण-व्यवस्था नसेल, तर संमती असूनही सोशल सिक्युरिटी क्रमांक झाकूनच पाठवावा लागतो, आणि संपूर्ण फायलींच्या स्कॅनिंगमध्ये ते कसे साधणार? जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने केलेल्या उल्लंघनाला फौजदारी शिक्षा आहे. स्कॅनर विकत घ्या आणि काम कार्यालयातच करा.

एडिसनकर:
सर्वांचे मनापासून आभार. पुण्याचा विचार सोडून देतो. आता फायली नष्ट करण्यापूर्वी ग्राहकांना काय सांगावे, एवढेच विचारतो.

जुना_ईए:
ग्राहकाने दिलेले मूळ कागद त्याचेच आहेत. शुल्क थकलेले असले तरी त्याने मागितल्यावर ते परत द्यावे लागतात. त्यामुळे आधी पत्र लिहून मूळ कागद नेण्यास सांगा आणि त्यासाठी पुरेसा अवधी द्या. तुमची मुदत आणि त्याची मुदत वेगळी आहे, हेही त्या पत्रात स्पष्ट लिहा. आयआरएसला तपासणीसाठी साधारणतः तीन वर्षे मिळतात. रिटर्नमध्ये दाखवलेल्या एकूण उत्पन्नाच्या पंचवीस टक्क्यांहून अधिक उत्पन्न दाखवायचे राहिले असेल, किंवा परदेशी वित्तीय मालमत्तेचे पाच हजार डॉलरहून अधिक उत्पन्न सुटले असेल, तर सहा. परदेशी वित्तीय मालमत्तेची माहिती देणारा फॉर्म ८९३८ आवश्यक असूनही भरलेला नसेल, तर ही मुदत सुरूच होत नाही. एफबीएआरची (परदेशी बँक खात्यांच्या वार्षिक अहवालाची) नोंद पाच वर्षे ठेवावी लागते. भारतातील घराची खरेदीखते आणि दुरुस्तीच्या पावत्या मात्र घर विकून त्या वर्षाच्या रिटर्नची मुदत संपेपर्यंत जपायला सांगा, कारण त्यांच्याविना खरेदीची किंमत सिद्ध करता येत नाही.