अन्नाबद्दल वाचायचं तर आधी सत्तेबद्दल वाचावं लागतं, पटतंय का?

निवडुंग
गेले सातआठ महिने विकसनशील देशांतली शेती, अन्न आणि शाश्वत विकास या विषयावर मिळेल ते वाचत सुटलेय. सुरुवात केली तेव्हा पाणी, माती, बियाणं, हवामान एवढंच डोक्यात होतं. आता माझं मत असं झालंय की उपासमार पिकामुळे कमी आणि निर्णयांमुळे जास्त होते, आणि तो निर्णय कुणी घेतला हे वाचलं नाही तर बाकीचं वाचन अर्धवटच राहतं. लांबण लागेल, पण दोन उदाहरणं सांगते.

१९७४ चा बांगलादेशातला दुष्काळ. अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी आकडे मांडून दाखवलं की त्या वर्षी तिथे माणशी धान्य आसपासच्या वर्षांपेक्षा उलट जास्तच होतं. तरी माणसं मेली, कारण पुराने मजुरी बुडाली, भाव चढले, आणि ज्यांच्याकडे विकायला फक्त स्वतःचे कष्ट होते त्यांना धान्य समोर दिसत होतं पण घेता येत नव्हतं. त्यात अमेरिकेने त्याच वर्षी अन्नमदत रोखून धरली, कारण काय तर बांगलादेशने क्यूबाला तागाची पोती विकली होती. हे वाचलं त्या रात्री मला खरंच झोप लागली नाही.

दुसरं हैती. १९९५ साली तांदळावरचं आयात शुल्क ३ टक्क्यांवर आणलं गेलं, बाहेरच्या दबावाखाली. अमेरिकेतला सबसिडीवर पिकलेला स्वस्त तांदूळ येऊन पडला आणि तिथला भातशेतकरी बुडाला. १९९५ ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष असलेल्या बिल क्लिंटन यांनी २०१० मध्ये तिथल्या सिनेटच्या समितीपुढे कबूल केलं की ती चूक होती, आर्कान्सास या त्यांच्या राज्यातल्या काही शेतकऱ्यांचं भलं झालं असेल पण हैतीचं नाही. पंधरा वर्षांनी कबूल करून काय उपयोग, तोवर लोक शेती सोडून गेले होते.

विरोधी मत असेल तर जरूर मांडा, मला खरंच समजून घ्यायचंय.

काळी_माती
असहमत, आणि जरा जोरातच असहमत. मी मृदाशास्त्र शिकलोय आणि पोटापाण्यालाही तेच करतो त्यामुळे हा विषय मला जिव्हाळ्याचा आहे.

सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत मक्याचं उत्पादन सरासरी हेक्टरी २ टनांच्या आसपास अडकलेलं आहे, अमेरिकेत ते १० च्या वर जातं. हा फरक भाषणांनी भरून निघत नाही, तिथल्या जमिनीत नत्र (नायट्रोजन) नाही, स्फुरद (फॉस्फरस) नाही, वर्षानुवर्षं पीक काढून घेतलं आणि परत काहीच दिलं नाही. २००६ साली नायजेरियाची राजधानी अबुजाला आफ्रिकी देशांनी जाहीरनामा काढला की खताचा वापर हेक्टरी ८ किलोवरून २०१५ पर्यंत ५० किलोवर नेऊ. नेता आला नाही. आणि खत नाही म्हटल्यावर माणूस काय करतो, तर नवीन रान मोडतो, जंगल तोडतो, म्हणजे तुमचा शाश्वत विकास तिथेच संपला.

तुम्ही फक्त सत्तेबद्दल वाचत गेलात तर शेवटी श्रीलंका होतं. २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये रासायनिक खतांची आयात बंद, का तर आम्ही अख्खा देश सेंद्रिय करणार. भाताचं उत्पादन कोसळलं, तांदूळ बाहेरून आणावा लागला, चहालाही फटका बसला आणि नोव्हेंबरपर्यंत माघार घ्यावी लागली. पिकाला नत्र कुठून मिळणार हा हिशोबच कुणी केला नव्हता.

ओसरी
पण काळी_माती, हे उदाहरण तर निवडुंगच्याच बाजूचं आहे ना? अख्ख्या देशाची खतं एका फटक्यात बंद करायचा अधिकार एका राष्ट्राध्यक्षाच्या हातात होता म्हणूनच ते घडलं. कृषीशास्त्रज्ञ धोक्याचा इशारा देत होते, शेतकरी सांगत होते, कुणी ऐकलं नाही.

काळी_माती
हीच तर माझी तक्रार आहे. पीक आलं नाही तर सत्ता, खत दिलं तर कंपन्यांची सत्ता, खत बंद केलं तर राष्ट्राध्यक्षाची सत्ता. प्रत्येक गोष्टीला जे उत्तर लागू पडतं त्यातून काहीच कळत नाही. मला सांगा, असं काय घडलं असतं तर तुम्ही म्हणाला असता की बरोबर, इथे सत्तेचा संबंध नव्हता?

निवडुंग
प्रश्न चांगला आहे. दोन दिवस विचार करून उत्तर देतेय.

मी असं म्हणेन: माझं म्हणणं खरं असेल तर जिथे भुकेल्या माणसाला निर्णय मध्येच थांबवता येतो तिथे चूक लवकर दुरुस्त व्हायला हवी, आणि तसं झालं नाही तर मी चुकले. श्रीलंकेत शेतकरी रस्त्यावर आले आणि सहासात महिन्यांत बंदी मागे घेतली गेली. हैतीत शुल्क ठरवताना भातशेतकऱ्याला कुणी विचारायलाच बांधील नव्हतं, तिथे चूक नुसती मान्य व्हायला पंधरा वर्षं लागली. सेन यांचं म्हणणंही याच दिशेचं आहे, की जिथे निवडणुका आणि मोकळी वृत्तपत्रं असतात तिथे मोठा दुष्काळ पडत नाही.

काळी_माती
मग मलावी घ्या. १९९४ पासून तिथे बहुपक्षीय निवडणुका आहेत. तरी २००१-०२ मध्ये सरकारचा राखीव धान्यसाठा विकून झाला होता आणि लोक उपासमारीने मेले. नंतर २००५ ला राष्ट्राध्यक्ष मुथारिका यांच्या सरकारने खत आणि बियाण्यावर सबसिडी दिली, देणगीदार देशांची इच्छा नसताना दिली, आणि २००६, २००७ ला मका इतका झाला की शेजारी निर्यात केला. पाऊसही चांगला होता हे मान्य. पण मतदान दोन्ही वेळी होतं, खतावरची ही सबसिडी एकदाच होती.

उंबरठा
मलावीचं नाव निघालं म्हणून लिहितेय, एरवी मी नुसती वाचत असते. मी दोन वर्षं पूर्व आफ्रिकेत एका संस्थेच्या प्रकल्पावर होते (संस्थेचं नाव नको), बियाणं वाटप आणि प्रशिक्षण असं काम होतं. आमच्या रजिस्टरमध्ये नाव चढवायला जमीन कुणाची ते लिहावं लागायचं म्हणून सगळी नावं पुरुषांची, प्रशिक्षणाला येणार ते पुरुष, आणि आम्ही दुपारी शेतावर गेलो की खुरपणी करताना दिसायच्या त्या बायका, त्यांना आम्ही काय शिकवलं ते कधी कुणी सांगितलेलंच नसायचं कारण नवरा एक तर शहरात नाहीतर त्याला ते सांगायचं सुचलेलं नसायचं. पहिलं वर्ष आम्ही अहवालात लिहित राहिलो की शेतकरी नवीन पद्धत स्वीकारत नाहीत. आजही ते वाक्य आठवलं की मला वाईट वाटतं, कारण ते मीच टाइप केलं होतं.

एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) २०११ च्या अहवालात आहे की शेतकरी बायकांना पुरुषांइतकीच साधनं मिळाली तर त्यांच्या शेतातलं उत्पादन २० ते ३० टक्के वाढू शकतं. म्हणजे काळी_माती, तुमचं नत्र आणि निवडुंगची सत्ता एकाच पोत्यात आहे. पोतं कुणाच्या नावावर निघतं हा प्रश्न आहे.

आणि मलावीचीच अजून एक गोष्ट. तिथे संकरित मका कित्येक वर्षं लोक लावत नव्हते, बाहेरचे तज्ज्ञ म्हणायचे शेतकरी मागासलेला आहे. खरं कारण असं की ते वाण मऊ दाण्याचे होते. तिकडे मका उखळात कांडून कोंडा काढतात, मऊ दाण्याचा त्यात भुगा होतो, पीठ कमी पडतं, शिवाय साठवणीत भुंगे लगेच लागतात. कांडायचं काम बायकांचं. १९९० ला एमएच १७ आणि एमएच १८ हे कठीण दाण्याकडे झुकणारे संकरित वाण आले आणि मग लोकांनी घेतले. इतकी वर्षं कांडणाऱ्या बाईला कुणी विचारलंच नव्हतं.

काळी_माती
एमएच १७-१८ माहीत आहेत, आणि तुमचा मुद्दा मान्य. पण ते वाण तयार केले ते पैदासकारांनी, म्हणजे नवे वाण घडवणाऱ्या शास्त्रज्ञांनी, तिथल्याच संशोधन केंद्रात बसून. बाईला विचारलं असतं आणि पैदासकार नसता तर तक्रार ऐकून घरी जावं लागलं असतं. देणगीदार देश अशा केंद्रांचा पैसा कापतात तेव्हा त्यावर कुणी धागा काढत नाही.

निवडुंग
देशातल्या देशात संशोधन करायची ताकद असणं ही पण सत्ताच आहे की. पण तुम्ही परत म्हणाल सगळंच सत्ता, म्हणून थांबते :)

उंबरठा, तुम्ही ते रजिस्टरचं लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

सुगी
मी जरा दोघांच्याही विरोधात बोलते. या धाग्यात एक गृहीतक दिसतंय की सत्ता म्हणजे अमेरिका किंवा कंपन्या किंवा देणगीदार. २००७-०८ ला तांदळाचा जागतिक भाव काही महिन्यांत जवळपास तिप्पट झाला, तेव्हा पीक बुडालं नव्हतं. भारत आणि व्हिएतनामने निर्यातीवर निर्बंध आणले, ते बघून आयात करणारे देश घाबरून मिळेल त्या भावाला खरेदी करायला लागले. हैतीत एप्रिल २००८ मध्ये अन्नाच्या दंगली होऊन पंतप्रधानांना जावं लागलं. २०२३ च्या जुलैमध्ये भारताने बिगर बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात परत बंद केली, तेव्हा पश्चिम आफ्रिकेतल्या विकत घेऊन खाणाऱ्या घरांचं काय झालं असेल? म्हणजे एका विकसनशील देशातल्या ग्राहकाला स्वस्त देण्यासाठी दुसऱ्या विकसनशील देशातल्या ग्राहकाला महाग. निवडुंग, तुमच्या कसोटीप्रमाणे बघा, इथे निर्यात करणाऱ्या देशात मतदार आहेत, विरोधी पक्ष आहे, सगळं आहे, पण सेनेगलमधल्या बाईचं मत त्या यादीत नाही.

निवडुंग
हे मी खरंच धरलं नव्हतं. माझी कसोटी देशाच्या सीमेपाशी संपते आणि धान्य तर सीमा ओलांडून जातं. यावर माझ्याकडे आत्ता उत्तर नाही.

ओसरी
संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांबद्दल कुणीच बोललं नाही? दुसरं उद्दिष्ट २०३० पर्यंत भूक संपवायची हे आहे, आणि त्यात नुसतं उत्पादन वाढवा असंच लिहिलंय ना?

काळी_माती
नाही हो, मूळ मजकूर वाचा. त्यातल्या २.३ या कलमात छोट्या उत्पादकांची उत्पादकता आणि उत्पन्न दुप्पट करायचं आहेच, पण त्याच वाक्यात बायका, आदिवासी, पशुपालक यांना जमिनीवर समान आणि खात्रीचा हक्क हेही आहे. पुढे निर्यात सबसिडी बंद करण्याचं कलमही आहे, आणि २०१५ ला नैरोबीच्या डब्ल्यूटीओ (जागतिक व्यापार संघटना) बैठकीत तसा ठरावही झाला. कागदावर तरी सत्तेचा विचार झालेला आहे.

निवडुंग
कागदावर आहे, मोजणीत नाही! २.३ साठी दोन निर्देशक आहेत, एक म्हणजे कामाच्या मानाने उत्पादन किती आणि दुसरा छोट्या उत्पादकांचं सरासरी उत्पन्न. जमिनीचा हक्क तिथे मोजतच नाहीत, तो पाचव्या उद्दिष्टात, स्त्री-पुरुष समानतेखाली टाकलाय. म्हणजे ज्या खात्याचा माणूस भुकेचा अहवाल भरतो त्याला जमीन कुणाच्या नावावर आहे हा रकाना दिसतच नाही. उंबरठाच्या रजिस्टरच्या बरोब्बर उलट, तिथे रकाना होता म्हणून बायका बाहेर राहिल्या.

ब्राझीलचं बघा. २००३ नंतर तिथे अन्नसुरक्षेच्या राष्ट्रीय परिषदेत नागरी संघटनांचे प्रतिनिधी सरकारच्या माणसांपेक्षा जास्त होते. २००९ ला कायदा झाला की शाळेतल्या जेवणाच्या केंद्रीय निधीतला किमान ३० टक्के पैसा कुटुंबशेती करणाऱ्यांकडून खरेदीसाठी वापरायचा. २०१४ मध्ये देश संयुक्त राष्ट्रांच्या भुकेच्या नकाशातून बाहेर पडला. २०१९ च्या पहिल्याच दिवशी नव्या सरकारने ती परिषद मोडीत काढली. भूक परत वाढली, २०२३ ला परिषद परत आणली.

काळी_माती
ब्राझीलचं अर्धंच सांगताय. तिथल्या सेराडो या गवताळ-झुडपी प्रदेशाची जमीन आम्लधर्मी, फारसं काही पिकत नव्हतं, १९७३ ला स्थापन झालेल्या एम्ब्रापा या सरकारी कृषी संशोधन संस्थेने चुना आणि स्फुरद टाकून ती पिकाखाली आणली. सोयाबीन निर्यातीतून पैसा आला म्हणून कल्याणकारी योजना परवडल्या. आणि २०१९ नंतर कोविडही होता, भूक वाढली ती काय फक्त परिषद मोडली म्हणून?

सुगी
आणि त्याच सेराडोची जवळपास निम्मी नैसर्गिक झाडी गेली. तुमच्या पहिल्या प्रतिसादात होतं की खत दिलं की जंगल वाचतं. इथे खत दिलं आणि रान मोडायला परवडायला लागलं.

काळी_माती
हा मुद्दा बोचरा आहे पण बरोबर आहे. उत्पादकता वाढली की जंगल आपोआप वाचत नाही, वाचवायला वेगळा कायदा आणि तो राबवणारा माणूस लागतो. एवढ्यापुरतं तुमच्या सत्तेला जागा देतो. पण क्रम माझाच धरेन, आधी जमिनीत काहीतरी घाला, मग कुणी किती घ्यायचं यावर भांडा. हेक्टरी २ टनात वाटणी कितीही न्यायाने केली तरी पोटं भरत नाहीत.

निवडुंग
क्रमावर माझं अजून पटलेलं नाही, बांगलादेशात धान्य होतं हे परत परत डोळ्यासमोर येतं. पण अबुजा जाहीरनाम्याचं आणि मातीतल्या नत्राचं मी काहीच वाचलेलं नव्हतं हेही खरं. काळी_माती, विज्ञान न शिकलेल्या माणसाला झेपेल असं कुठून सुरू करू ते सांगाल का? आणि उंबरठा, दुसऱ्या वर्षी त्या रजिस्टरचं काय केलंत?

उंबरठा
जमीनमालकाच्या शेजारी अजून एक रकाना आखला, खुरपणी कोण करतं. तीन महिने वरिष्ठांशी भांडावं लागलं त्यासाठी. प्रशिक्षणाची वेळही बदलली, सकाळची सोडून दुपारी उशिराची ठेवली, कारण सकाळी त्या पाण्याला जायच्या. पहिल्या दिवशी एकोणीस जणी आल्या, त्यातल्या सहा जणींनी विचारलं की हे बियाणं कांडायला कसं आहे. आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.