आमदाराचं शिफारसपत्र खासगी कसं?

विहीरवाला: काल एकाने लिहिलं, "आमदारांची पत्रं, मेल माहिती अधिकारात मागणं म्हणजे दुसऱ्याच्या घरचं टपाल फोडणं." डोकंच फिरलं. आमच्या गावच्या नळयोजनेची विहीर मंजूर जागा सोडून एका पुढाऱ्याच्या बांधाला खणली, का तर लेटरपॅडवर दोन ओळींची शिफारस. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज केला तेव्हा ते पत्र हाती आलं, आवक नंबरसकट, कोपऱ्यात साहेबांचा शेरा 'तात्काळ'. आता नोव्हेंबर २०२५ पासून माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(ञ) बदललंय, 'वैयक्तिक माहिती' म्हटलं की नकार. जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, हे वाक्यच उडवलं!

थोरली लेक: विहिरीचं पटलं. पण मी वडिलांच्या डायलिसिसच्या मदतीसाठी आमदारांना मेल केला होता, रिपोर्ट, उत्पन्नाचा दाखला सगळं जोडून. महिन्याभरात भावकीतला एकजण माहिती अधिकारात त्याची झेरॉक्स घेऊन पारावर वाचत होता. वडील परत कधी पारावर गेले नाहीत.

टपाल टेबल: ताई, ते देणाऱ्याचं चुकलं. कलम १० त्यासाठीच आहे, नाव-आजार काळं करायचं, बाकीचं द्यायचं. आणि मेलचं म्हणाल तर ते असतात पीएच्या जीमेलवर! पीए गेला की पासवर्ड गेला, मग उत्तर येतं 'अभिलेख आढळून येत नाही'. बावीस वर्षं हेच बघितलं.

माजी पीए: पीएवर का घसरता? तीन वर्षं केलंय हे काम. सरकारी मेल दिला तरी लोक व्हॉट्सअ‍ॅपच करतात, रात्री दोनला रक्ताच्या पिशवीसाठी फोन, तेव्हा कुठली फाइल आणि कुठला आवक नंबर?

टपाल टेबल: रक्ताचं कोण विचारतंय? बदल्या आणि टेंडरच्या शिफारशीही त्याच फोनवरून जातात, त्या दाखवा.

माजी पीए: म्हणजे आता आमचे फोन जमा करणार? तोंड सांभाळून बोला.

थोरली लेक: तुमचे फोन राहू द्या हो. माझ्या वडिलांच्या कागदाचं काय?

विहीरवाला: ताई, एवढं मान्य, लोकांनी आमदाराला लिहिलेलं आणि आमदाराने ऑफिसला लिहिलेलं मी एकाच मापाने मोजलं. पहिलं झाका. दुसरं मी सोडणार नाही, कलम ८(२) अजून शाबूत आहे, जनहित मोठं असेल तर देता येतं, तेच लिहून परत अर्ज टाकतोय.

थोरली लेक: टाका. पण आधी ते झाकायचं बघा. माझा मेल अजून त्या फायलीत तसाच आहे.