सल्ला हवा: प्रबंधासाठी पोलंड घेऊ की चेक?

धागाकर्ती:
नमस्कार मंडळी. एम.ए. अर्थशास्त्राच्या प्रबंधाचा विषय ठरलाय: साम्यवादी राजवट गेल्यावर पूर्व युरोपातल्या कारखान्यांनी प्रदूषण रोखायला पैसे कशामुळे काढले? चार महिने हातात आहेत, सर म्हणतात एकच देश घे. पोलंड की चेक प्रजासत्ताक? आणि खर्चाच्या आकड्यांत नेमकं काय बघू?

प्रतिसाद १:
बिनधास्त चेक घ्या. तिथे कायद्याची मुदत आणि खर्च यांची सांगड उघड दिसते. १९९१ च्या हवा कायद्याने जुन्या धुराड्यांना १९९८ अखेरपर्यंत वेळ दिला: मर्यादेत या, नाहीतर बंद व्हा. मुदत पाळली जाणार यावर सगळ्यांचा विश्वास बसला, हे महत्त्वाचं. 'चेझ' या वीज कंपनीने तेवढ्या वेळात लिग्नाइट (हलका तपकिरी कोळसा) जाळणाऱ्या केंद्रांना डीसल्फरायझेशन, म्हणजे धुरातलं सल्फर काढणारी यंत्रणा, बसवलं आणि जुने संच मोडीत काढले. देशाचं सल्फर डायऑक्साइड १९९० साली १८ लाख टनांच्या वर होतं, २००० साली तीन लाखांच्या आत.

आणि टेप्लिट्से गाव विसरू नका. ११ नोव्हेंबर १९८९ ला, साम्यवादी राजवट उलथवणाऱ्या प्रागमधल्या उठावाच्या सहा दिवस आधी, तिथले लोक धुरक्याला कंटाळून रस्त्यावर उतरले होते. कायद्याला धार आली ती अशा माणसांमुळे.

प्रतिसाद २:
चेकच घ्या, पण पोलंडवर एक प्रकरण ठेवा. तिथे प्रदूषण शुल्क आणि दंड १९८९ साली काढलेल्या राष्ट्रीय पर्यावरण निधीत जात, आणि त्यातून कारखान्यांनाच स्वस्त कर्ज मिळे. शुल्कापेक्षा हे कर्ज किती कामी आलं, ते तपासा.

आकड्यांचं म्हणाल तर मी बारा वर्षं एका रासायनिक कारखान्यात ईटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) सांभाळलाय. टाकीत हवा सोडणारा ब्लोअर नवाकोरा होता, पण वीजबिल वाचवायला रात्रपाळीत बंद ठेवायला लावत. सकाळी टाकीवर काळी साय धरलेली असायची, वास गेटपर्यंत. यंत्र घेतलं म्हणजे ते चाललंच असं नाही, म्हणून भांडवली खर्च आणि चालवण्याचा खर्च वेगवेगळे मांडा.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार! पण नव्वदीच्या सुरुवातीला उत्पादनही कोसळलं होतं ना? मग धूर मंदीमुळे कमी झाला की खर्चामुळे, हे कसं ओळखू?

प्रतिसाद १:
एकूण टन बघू नका, दर युनिट विजेमागे किती सल्फर सुटलं ते काढा; नुसत्या मंदीने टन घटतात, हा आकडा फारसा नाही. १९९६ ते १९९९ वर्षवार घ्या.